निवड न झालेल्या मुलीचा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय धोंडिराम जोंधळेकाका. रविवारी घरी येणाऱ्या अशिलांना परत पाठवून इथे आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, माझ्या सीनियर, ॲडव्होकेट वनमाला पेडणेकर मॅडम. महिला मंडळाच्या अध्यक्षा सुगंधाताई हिवराळे. वसाहतीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनो, मावश्यांनो, मित्रमैत्रिणींनो. आणि पुढे बसा म्हणून तीनदा सांगूनही दुसऱ्या रांगेत कडेच्याच खुर्च्या धरून बसलेले माझे आई-बाबा, सर्वांना सप्रेम जय भीम.

सूत्रसंचालन करणाऱ्या धम्मपालने आत्ता माझी ओळख करून दिली. फार सुंदर आवाज आहे त्याचा. तो म्हणाला, 'भारतीय सैन्यदलाच्या कायदा शाखेत लेफ्टनंट म्हणून निवड झालेली आपल्या वसाहतीची कन्या, अपूर्वा शिवदास वाहूळ.' टाळ्या झाल्या. मागच्या पोरांनी शिट्ट्याही वाजवल्या.

धम्मपाल, तुझा दोष नाही. तुला जे लिहून दिलं होतं ते तू वाचलंस. पण ते खरं नाही. माझी निवड झालेली नाही.

काका, असे बघू नका माझ्याकडे. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. एकदा तुमच्या घरी येऊन आणि एकदा विहाराच्या पायऱ्यांवर. तुम्ही म्हणालात, "बेटा, सत्कार तो सत्कार. पोरांना प्रेरणा मिळते." आता प्रेरणा खोट्यावर उभी करायची का, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. तो आज, शाल घेतल्यावर विचारते आहे. याबद्दल आधीच माफी मागते, कारण पुढे मागायची आठवण राहीलच असं नाही.

तर झालं काय, ते नीट सांगते. अर्धवट सांगितलं की त्याचा बॅनर होतो, हे मी गेल्या वर्षी शिकले.

सैन्याला स्वतःचे वकील लागतात. जवानावर आरोप झाला, चौकशी बसली, कोर्ट-मार्शल झालं, तर कायदा काय म्हणतो ते सांगायला गणवेशातले अधिकारी असतात. त्या शाखेला जॅग म्हणतात. कायद्याची पदवी लागते, वय सत्तावीसच्या आत लागतं. जागा इतक्या थोड्या, की दोन रिक्षांत बसून सगळे जातील. आधी आमच्या वेळी पदवीच्या गुणांवर बोलावत. मग मध्येच नियम आला की एलएलएमच्या प्रवेशपरीक्षेचे गुणही हवेत. एलएलएम करायचं नाही, पण परीक्षा द्यायची. दिली. त्यानंतर भोपाळला पाच दिवसांची निवड चाचणी, मग वैद्यकीय तपासणी, आणि हे सगळं पार पडलं की शेवटी गुणवत्ता यादी. जिचं नाव यादीत, ती चेन्नईला प्रशिक्षणाला. जिचं नाही, ती परत दिंडोशीच्या कोर्टात.

पहिल्या खेपेला मी पहिल्याच दिवशी दुपारी बाहेर पडले. एक अंधूक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात, मग गटात बसून चर्चा करायची. आमच्या गटात सगळे एकदम बोलत होते. मला वाटलं, इथे शिस्त बघत असतील, म्हणून मी माझी पाळी यायची वाट बघत बसले. ती आलीच नाही. मॅडम अजून मला यावरून बोलतात. कोर्टात कुणी पाळी देतं का गं तुला, म्हणतात.

दुसऱ्या खेपेला बाबांनी तयारी करून घेतली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली आहे, कारण ती गल्लीतच चालायची. निवड चाचणीत फळ्या, दोऱ्या आणि पिंपं देऊन अडथळे ओलांडायला लावतात. बाबांनी सुगंधाताईंचं पाण्याचं पिंप, बांधकामावरची एक फळी आणि आईची कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि म्हणाले, ही नदी, तू अलीकडे, पिंपाला हात लावायचा नाही. सगळी गल्ली हसत होती. सुगंधाताई, तुमच्या पिंपाला पडलेली भेग माझी आहे. सकाळी टेकडीवर पळायला जायचे, बाबा रात्रपाळी करून आलेले असायचे, तरी खाली घड्याळ धरून उभे.

बाबा टॉवरच्या गेटवर सुरक्षारक्षक आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि तुम्ही सगळे त्यांना फौजी म्हणता, फौजीकाका म्हणता. इथून पुढे मी जे सांगणार आहे, ते त्यांना विचारून सांगते आहे. आज सकाळी मी म्हटलं, "बाबा, माझं खरं सांगायचं तर तुमचं सांगावं लागेल. नाहीतर मी हे सगळं कशासाठी केलं तेच कुणाला कळणार नाही." बाबा दाढी करत होते. ते म्हणाले, "सांग. मी समोर बसेन."

ते बसले आहेत.

मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना प्रजासत्ताक दिनाला काका त्यांना बोलवायला आले होते. माजी सैनिकाच्या हस्ते झेंडावंदन करायचं ठरलं होतं. बाबांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. दरवर्षी त्याच दिवशी तो गुडघा दुखायचा. मला राग आला. काका गेल्यावर मी बोलले त्यांना, की लोक मान देतायत तर घेत का नाही, तुम्हाला कसली एवढी मिजास? आई म्हणाली, गप बस. बाबा मला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "मी रिटायर नाही झालो गं. मला काढलंय."

मी चार-पाच वर्षांची असतानाची गोष्ट. बाबा उत्तरेला तैनात होते, रजेवर घरी आले होते. आई पोटुशी होती. सातव्या महिन्यात तिला त्रास सुरू झाला, बाळ गेलं, आणि तिचा रक्तस्राव थांबेना. सरकारी इस्पितळात ती कित्येक दिवस पडून होती. मला शेजारणीकडे ठेवलं होतं, तेवढंच मला अंधूक आठवतं. बाबांची रजा संपली. त्यांनी बूथवरून पलटणीत फोन केला, कुणीतरी तो घेतला, 'सांगतो' म्हणाला. त्याने सांगितलं की नाही, देव जाणे. आई घरी येईपर्यंत बाबा थांबले. मग स्वतःच्या पायांनी परत गेले, त्यांना कुणी पकडून नेलं नाही.

आता एक गोष्ट मी लपवणार नाही. याआधीही एकदा आजोबा वारले तेव्हा ते उशिरा परतले होते आणि त्याची शिक्षा भोगून झाली होती. म्हणजे ही दुसरी खेप होती. बाबा स्वतःच म्हणतात, चूक माझी होती.

पण चुकीला शिक्षा कशी झाली, ते ऐका. सैन्यात एक झटपट चालणारं कोर्ट-मार्शल असतं. त्यात न्यायाधीश एकच, तुमचाच कमांडिंग ऑफिसर. आरोपीला वकील नसतो. 'आरोपीचा मित्र' म्हणून एक जण शेजारी बसवतात. आणि त्या मित्राला कोर्टासमोर बोलायची परवानगी नसते. मी वकील आहे, मला नियम ठाऊक आहेत, तरीही हे वाक्य मी दर वेळी पुस्तक उघडून खात्री करूनच बोलते. बाबांना एकाने आदल्या दिवशी समजावलं, की कबूल करून टाक, थोडी कैद होईल, विषय संपेल. बाबांनी कबूल केलं. मग विचारलं, काही सांगायचं आहे? बाबा म्हणाले, "साहेब, बायको मरत होती." ते लिहून घेतलं. आणि त्यांना बडतर्फ केलं. तेरा वर्षं नोकरी केलेला माणूस संध्याकाळी ट्रंक घेऊन स्टेशनवर होता.

गच्चीवर मी त्यांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत आणखी? ते म्हणाले, "काय बोलणार? मला वाटलं, एवढं पुरेल."

त्यानंतर मी सैन्याचे नियम काढून वाचले. त्यात स्पष्ट म्हटलंय, की कबुली दिल्यावर आरोपी असं काही बोलला, ज्यावरून त्याला कबुलीचा अर्थ कळलेला नाही असं दिसतं, तर ती कबुली बाजूला ठेवायची आणि खटला नीट चालवायचा. हा नियम आहे, आणि बाबांचं ते एक वाक्य तसंच होतं. तो कुणी आज केलेला नाही, तेव्हाही होता. आणि असे खटले संपल्यावर त्यांचे कागद कायदा शाखेकडे तपासायला जातात. बाबांचेही गेले असणार. कुणीतरी चाळले असतील, सही केली असेल, फाइल पुढे सरकली असेल. मला त्या टेबलावर बसायचं होतं. एवढंच माझं देशप्रेम. याहून मोठं असं काही माझ्यापाशी नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मुलाखतीत हे मी सगळं सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्हाला सैन्यात येऊन सैन्याविरुद्ध लढायचं आहे का? मला उत्तर आलं, पण ते परतीच्या गाडीत, इटारसीच्या आसपास आलं. शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून त्यांनी मला परत पाठवलं.

तिसऱ्या खेपेला वेगळे अधिकारी होते, प्रश्न मात्र फिरून तोच आला. मी म्हटलं, "सर, लढायचं नाही. तो कागद माझ्या टेबलावर आला तर मी तो वाचेन." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, खेळ कोणता खेळता?

शेवटच्या दिवशी त्यांनी माझा क्रमांक पुकारला. शिफारस झाली. मी भोपाळ स्टेशनवरून घरी फोन लावला आणि म्हटलं, "बाबा, रेकमेंड झाले." फोनवर काही ऐकूच येईना. मग आईचा आवाज आला, की ते खाली गेलेत. खाली गेले आणि पहिले भेटले कोण, तर धोंडिरामकाका.

मी मुंबईत उतरून घरी पोचेपर्यंत नाक्यावर बॅनर लागला होता. माझं आधार कार्डावरचं तोंड आणि खाली कुणाचं तरी गणवेशातलं धड. छातीवर पदकंसुद्धा होती. मी काकांना म्हटलं, अहो, ही फक्त शिफारस आहे, अजून वैद्यकीय आहे, यादी आहे. काका म्हणाले, ती काय, फॉर्मॅलिटी.

मग सुरू झालं. रिक्षावाले सलाम करायला लागले. शाळेतल्या मुली विचारायच्या, ताई, बंदूक कधी मिळणार? कोर्टातले हवालदार 'जय हिंद मॅडम' म्हणायचे. मीही हसून हात वर करायचे, कारण मलाही वाटायला लागलं होतं, झालंच आता. सत्काराची तारीख ठरली, मग या हॉलचं छत गळायला लागलं, मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. आणि मधल्या काळात यादी आली.

यादी माझ्या नावाच्या दोन नावं आधीच संपली.

मुलींच्या जागा मुलांच्या निम्म्या होत्या. मी मनात म्हटलं, ठीक आहे, निदान भांडायला कारण आहे. पुढे काही दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच, की मुलामुलींच्या जागा अशा वेगळ्या ठेवता येणार नाहीत, गुणांवर एकच यादी करा. मॅडम धावत आल्या, म्हणाल्या, हा निकाल वाच, दाद मागू. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून गुण जुळवून पाहिले. एकत्र यादी केली असती, तरीही माझं नाव एका जागेने बाहेरच राहत होतं.

तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते ते? माझ्यावर अन्यायसुद्धा झाला नाही. रीतसर, नियमाप्रमाणे, माझ्यापेक्षा बऱ्या मुली आत गेल्या आणि मी राहिले. चिडायचं कुणावर? बाबांच्या वेळी नियम मोडला गेला, तेव्हा भांडायला कुणी नव्हतं. आणि मी भांडायला शिकले, तर माझ्या वेळी नियम पाळला गेला. पुढच्या भरतीच्या तारखेला माझं वय उलटलं होतं.

त्यानंतरचे महिने मी नाक्यावरून न जाता मागच्या गटाराच्या बाजूने जायचे. त्या बॅनरखालून जाववत नव्हतं. ज्यांना कळलं होतं ते सल्ले द्यायचे. पुढच्या वर्षी बस. वय संपलं म्हटलं की, मग एनडीएला बस. तिथे तर शाळकरी मुलं जातात म्हटलं की, मग पोलिसात बघ. एक काका म्हणाले, ओळख नाही का कुणाची? सगळे प्रेमाने बोलत होते, हे मला समजतं. पण मला कुणी एकदाही म्हणालं नाही, की अपूर्वा, वाईट झालं. म्हणून आज मीच म्हणते. वाईट झालं. माझ्या हातून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, आणि आता ते कधीही होणार नाही. समोर मुली बसल्या आहेत, त्यांना मी सांगणार नाही की मेहनत केली की मिळतंच. मी मेहनत केली. तुमच्यातली एखादी जाईल, जरूर जा, पिंप आमच्याकडे आहे, बाबा शिकवतील. पण लवकर जा, वय बघून जा, आणि घरी फोन करताना शब्द जपून वापरा.

काका, उद्या सकाळी तो बॅनर उतरवा, एवढी विनंती. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. ते धड ज्या कुणाचं आहे, त्याच्यासाठी तरी उतरवा.

आता थोडं उरलंय. मॅडम घड्याळ बघतायत, म्हणजे मी लांबवलंय.

यादी आल्यावर मी महिनाभर चेंबरमध्ये धड काम करत नव्हते. मॅडम मूळच्या मालवणच्या. एक दिवस त्यांनी समोरची फाइल मिटली आणि म्हणाल्या, "झाला मां रडान? मग आता वकालतनामो काढ." मी म्हटलं, कुणाचं वकीलपत्र? त्या म्हणाल्या, तुझ्या बापसाचो. सैन्यदलाचं न्यायाधिकरण इथे मुंबईतच आहे. तिथे गणवेशातले आणि गणवेशातून काढलेले, दोघांचंही ऐकतात. आणि तिथे उभं राहायला काळा कोट चालतो.

मला हे आधी का सुचलं नाही? मी स्वतःला हा प्रश्न पुष्कळदा विचारला. मला वाटतं, मला त्यांच्यासाठी न्याय मागायचा नव्हता. मला तो देणाऱ्या खुर्चीत बसायचं होतं. ती खुर्ची गेली तेव्हा दिसलं, की मागणाऱ्याची जागा रिकामीच आहे, आणि ती इतकी वर्षं रिकामीच होती.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते नको म्हणाले. आई म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी थांबला होता. मला विचारा ना, करायचं की नाही." माझी आई, शांताबाई, घरात फार बोलत नाही. ती बोलली की विषय संपतो. बाबांनी सही केली.

आता अडचण अशी, की अशा अर्जाला मुदत असते. ती कधीच उलटून गेली. दोन दशकांहून जास्त उशीर. त्यामुळे अर्जाबरोबर आणखी एक अर्ज जोडावा लागतो, की उशीर का झाला. कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारतं, इतकी वर्षं कुठे होतात? तिथे सबळ कारण लिहावं लागतं. आजारपण होतं, कागद मिळाले नाहीत, सल्ला चुकीचा मिळाला, असं काहीतरी. मॅडमनी मला दोन-तीन ठरलेली वाक्यं सांगितली होती. मी संगणकासमोर बसले आणि बाबांना शेजारी बसवलं. म्हटलं, "बाबा, अशील तुम्ही आहात. कारण तुम्ही सांगा. उशीर का झाला?"

ते म्हणाले, "लाज वाटत होती. असं लिहिता येतं का? कायद्यात बसतं?"

मी पाच वर्षं कायदा शिकले, चार वर्षं कोर्टात उभी राहिले. मला उत्तर माहीत नव्हतं. मी ते तसंच लिहिलं आहे. मॅडमनी वाचलं, त्यांनी ते खोडलं नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे. ते कायद्यात बसतं की नाही, हे तेव्हा कळेल.

मंडळाने शाल दिली, प्रेम दिलं, आणि मला जे बोलायचं होतं ते अडवलं नाही, याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. जिचं काही झालेलं नाही तिलाही व्यासपीठावर बसवणारी माणसं मला मिळाली, हे थोडकं नाही. ज्यांच्या नावाने मी सुरुवातीला वंदन केलं, त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांच्या घरात काळा कोट आला. तो अंगात असताना खोटं बोलवेना, इतकंच. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, वडीलधाऱ्यांचा अवमान झाला असेल, तर तुमच्या घरचीच पोर रागात बोलून गेली असं समजून पोटात घाला. मागे चहा आणि खाऊ ठेवला आहे, कुणी तसंच जाऊ नये.

जय भीम.